विहिरीवरचं घर, घरातलं चाक आणि चाकातलं गाढव

प्रश्न असा आला आहे: "मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा आयल ऑफ वाइट बेटावरचा कॅरिसब्रुक किल्ला पाहिला. तिथे विहिरीवर एक दगडी घर आहे आणि आत मोठ्या लाकडी चाकात गाढव चालवून पाणी काढून दाखवतात. हे सगळं १५८७ सालचं असं सांगितलं, पण चाकाच्या काही फळ्या मला सरळ नव्या वाटल्या. मग हे जुनं म्हणायचं की पर्यटकांसाठी केलेला देखावा? एक गाढव इतक्या खोलवरून खरंच पाणी काढू शकतं का? विहिरीवर एवढं घर कशाला? आणि आपल्या एखाद्या किल्ल्यावर असं काही करता येईल का?"

मी जुन्या लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो. वाड्यांच्या तुळया, देवळांचे सभामंडप, कधीमधी एखादा रहाट. कॅरिसब्रुकला मी दोनदा जाऊन आलो आहे, आणि दोन्ही वेळा किल्ल्यापेक्षा जास्त वेळ त्या विहिरीच्या घरात काढला, त्यामुळे बायकोची बोलणीही खाल्ली. तुम्ही चार प्रश्न विचारलेत. उत्तरं तुमच्या क्रमाने देत नाही, कारण गाढवाचं गणित समजलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

पण आधी ही विहीर तिथे का आहे ते. बाराव्या शतकात हा किल्ला रेडव्हर्स घराण्याकडे होता. ११३६ साली बाल्डविन द रेडव्हर्स स्टीफन राजाविरुद्ध उठला आणि हातातून एक्सेटरचा किल्ला गेल्यावर या बेटाच्या आश्रयाला आला. मनात असं की समुद्र आडवा आहे, तट भक्कम आहे, धान्य भरलेलं आहे, राजा काय करणार? राजाने साउदॅम्प्टनला जहाजं जमवायला सुरुवात केली. पण ती निघण्याआधीच बाल्डविनचा निकाल लागला होता. त्या कोरड्या उन्हाळ्यात किल्ल्यातलं पाणी आटलं. वेढा पडलाच नाही, गड्याने आधीच हत्यार खाली ठेवलं आणि त्याला देश सोडावा लागला. पाण्यावाचून गड गेल्याच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत, पण वेढा पडायच्या आधीच पाण्याने घात केल्याचं उदाहरण विरळा.

वर टेकाडावर जो जुना बालेकिल्ला आहे, पायऱ्या चढून जाताना तुम्हाला धाप लागली असेल, त्यातही एक विहीर आहे. तिच्यावर भरवसा उरला नाही. मग खालच्या अंगणात नवी विहीर खणली गेली, साधारण ११५० च्या सुमारास. तीच तुम्ही पाहिली. खोली १६१ फूट, म्हणजे ४९ मीटर. सोळा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली बादली सोडायची, असं डोळ्यासमोर आणा.

त्या बेटाच्या मधोमध खडूच्या दगडाची रांग आहे, किल्ला त्यावरच बसला आहे. खडू म्हणजे फळ्यावरच्या खडूसारखा पांढरा, मऊसर चुनखडक. आपल्या काळ्या कातळात सुरुंगाशिवाय इतकं खाली जायचं म्हणजे पिढी खपली असती. खडू टिकावाने निघतो, आणि निघूनही उभी भिंत धरून राहतो. पण त्याची एक खोड आहे. पाणी तो स्पंजासारखं पोटात धरतो आणि त्याची पातळी पावसाप्रमाणे वरखाली होते. म्हणून विहीर नुसती पाण्याला लागून भागत नाही. वाईटातल्या वाईट उन्हाळ्यातल्या पातळीच्याही खाली जावं लागतं. बाल्डविनला जो धडा मिळाला तो या ४९ मीटरमध्ये खणून ठेवलेला आहे.

आता गाढव. तिथले लोक सांगतात की बादली तळातून वर यायला गाढवाला साधारण ३०० यार्ड, म्हणजे पावणेतीनशे मीटर चालावं लागतं. चाकाचा व्यास साडेपंधरा फूट आहे, म्हणजे ४.७ मीटर. परीघ आला पावणेपंधरा मीटर. २७५ ला १४.७५ ने भागलं की साडेअठरा-एकोणीस फेरे. एवढ्या फेऱ्यांत दोर ४९ मीटर गुंडाळला जातो, म्हणजे एका फेऱ्यात अडीच मीटरहून थोडा जास्त. त्यावरून दोर ज्या कण्यावर गुंडाळतो तो पाऊण मीटरहून थोड्या जास्त व्यासाचा धरावा लागतो. गाढव साडेपाच पावलं टाकतं तेव्हा बादली एक पाऊल वर येते, आणि तेवढाच भार गाढवावर हलका होतो.

किती हलका? बादलीचं नेमकं माप न धरता हिशेबापुरतं धरू: पन्नास लिटर पाणी, दहा किलोची लाकडी बादली, आणि दोर. दोर लोक विसरतात. इंचभर जाडीचा तागाचा दोर मीटरला अर्धा किलो भरतो. ४९ मीटरचे झाले चोवीस-पंचवीस किलो. म्हणजे सुरुवातीला एकूण ओझं पंच्याऐंशी किलोच्या घरात. ते ५.६ ने भागलं की पंधरा. आसाचं घर्षण वगैरे धरून अठरा किलो म्हणा. एवढा जोर गाढवाने चाकाच्या कडेवर द्यायचा आहे.

ते हा जोर देतं कसं? ओढत नाही. त्याच्या गळ्यात काही बांधलेलं नसतं. ते फक्त चढावर चालतं. गाढवाचं वजन १६० किलो धरलं तर अठरा किलोचा जोर यायला त्याला चाकाच्या अगदी तळापासून थोडं पुढे उभं राहावं लागतं. किती पुढे, तर २६ सेंटिमीटर. एक वीत आणि वर दोन बोटं. त्या जागी चाकाच्या आतल्या बाजूचा चढ फक्त साडेसहा अंशांचा असतो. म्हणून तुम्हाला ते गाढव रमतगमत चालल्यासारखं दिसलं. ते नाटक करत नव्हतं.

आता गाढवाच्या जागी साठ किलोचा माणूस घाला. तोच अठरा किलोचा जोर त्याला द्यायचा तर तळापासून सत्तर सेंटिमीटर पुढे जावं लागेल, आणि तिथे चढ सतरा अंशांहून जास्त. पावणेतीनशे मीटर सतत तो चढ, एका बादलीसाठी. आधीच्या काळात हे चाक माणसं फिरवायची, त्यातही कैदी, असं सांगतात. गाढवं सतराव्या शतकाच्या शेवटाकडे आली. मला वाटतं ती कुणाच्या दयेपोटी आली नसावीत. वरचा हिशेब कुणीतरी पायाने केला असणार.

वेळही मोजून बघा. गाढव चाकात सेकंदाला पाऊण मीटरपेक्षा थोडं कमी चालतं असं धरलं तर एक बादली सहा-साडेसहा मिनिटांत वर येते. रिकामी करणं, परत खाली सोडणं धरून तासाला पाच-सहा बादल्या. म्हणजे अडीचशे-तीनशे लिटर. प्यायला, स्वयंपाकाला, घोड्यांना बेताने. सुखाचं नाही, पण वेढ्यात तग धरायला पुरेसं.

मोट पाहिलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. मोटेचा बैल धावेवरून उताराला चालतो, म्हणजे तोही निम्मं काम स्वतःच्या वजनाने करतो. पण मोटेत विहीर जितकी खोल तितकी धाव लांब. ४९ मीटरच्या विहिरीला ४९ मीटर धाव, आणि पुन्हा बैलाला मागे मागे आणायचं. किल्ल्याच्या अंगणात एवढी जागा कोण देणार? मोटेची धाव उचलून गोल वळवली आणि दोन टोकं जोडली की हे चाक तयार होतं. गाढवाला मागे यावं लागत नाही आणि धाव कधी संपत नाही. फक्त मोटेची सोंड थारोळ्यात आपोआप रिकामी होते ती सोय इथे नाही. इथे बादली हाताने ओढून कलती करायला माणूस लागतोच.

एक गोष्ट मात्र या चाकाची वाईट आहे. बादली वर आलेली असताना चाकातलं जनावर घाबरून बाहेर पडलं किंवा पाय घसरून पडलं, तर सगळं ओझं उलट फिरायला लागतं. आधी हळू, मग गरगर. अशा चाकाजवळ दाबून धरायला ब्रेक नसेल तर त्याच्याजवळ उभंही राहू नये. म्हणून जनावर शांत स्वभावाचं निवडायचं. घोड्यापेक्षा गाढव बरं, कारण त्याला काही खटकलं की ते उधळत नाही, जागच्या जागी थांबतं. ज्याला आपण अडेलपणा म्हणतो तो या कामात गुण ठरतो.

(गाढवांची नावं तिथे 'ज'वरूनच असतात, हे तुम्हाला सांगितलंच असेल. चार्ल्स पहिला १६४७ ते १६४८ या काळात या किल्ल्यात कैदेत होता, तेव्हा गुप्त पत्रांवर 'जे' अशी सही करायचा, त्याची ती आठवण, असं म्हणतात. खिडकीच्या गजांत अडकून ज्याचं पळून जाणं फसलं त्या राजाची आठवण गाढवांच्या नावांनी जपावी, यात इंग्रजांचा खट्याळपणा आहे की भक्ती, ते मला ठरवता आलेलं नाही.)

आता घर. तुम्ही विचारलंत विहिरीवर एवढं घर कशाला. बहुतेक लोकांना वाटतं पाण्यात पालापाचोळा पडू नये म्हणून. ते आहेच. पण तेवढ्यासाठी चार खांब आणि छप्पर पुरलं असतं. माझ्या मते ते घर मुख्यतः चाकासाठी आहे.

ओकचं लाकूड दणकट असतं, पण एवढं मोठं चाक म्हणजे शंभरेक तुकडे एकमेकांत बसवलेले. आस, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकाला जोडलेला कडेचा घेर, घेरावर आडव्या फळ्या आणि चालताना पाय घसरू नये म्हणून पट्ट्या. हे तुकडे खाच आणि खुंटीने धरलेले असतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि आडव्या अंगाने जितकं हलतं तितकं उभ्या अंगाने हलत नाही. म्हणजे एकाच सांध्यात एक तुकडा हलतो, दुसरा जागेवर राहतो. चाक उघड्यावर ठेवलं तर दोन-चार वर्षांत खुंट्या खुळखुळायला लागतात, मग चाक लंबगोल होतं, मग आस एका बाजूने झिजते. छपराखाली, जाड दगडी भिंतींच्या आत, हवा वर्षभर जवळजवळ एकसारखी राहते. तिथे तेच चाक पिढ्या काढतं. त्या घरात उन्हाळ्यात शिरलात तर गारवा लागतो ना, तोच चाकाचं आयुष्य आहे.

आणि तिसरं कारण किल्ल्याचं. विहीर उघडी ठेवणं म्हणजे किल्ल्याची मान उघडी ठेवणं. फितुराने काही टाकू नये, आग लागली तर दोर-चाक जळू नये. १५८७ सालाकडे नीट बघा. पुढच्याच वर्षी स्पेनचं आरमार या बेटाच्या नाकासमोरून खाडीतून गेलं. तेव्हा जॉर्ज केरी तिथला कारभारी होता आणि त्या सगळ्या वर्षांत किल्ल्यात बांधकाम चाललं होतं. विहिरीचं घर त्याच धांदलीतलं. पन्हाळ्याची अंधारबाव आठवा. तीन मजले, तळाला पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची वाट, आणि बाहेरून पाहिलं तर आत विहीर आहे हे चटकन कळतही नाही. आदिलशाहीतल्या बांधणाऱ्यांच्या आणि केरीच्या गवंड्यांच्या मनात काळजी एकच होती.

घराच्या बांधणीत मी एक गोष्ट नेहमी शोधतो: चाकाचं ओझं कुठे उतरतं? आसाची दोन्ही टोकं भिंतीत खोचून दिली तर प्रत्येक फेऱ्याला भिंतीला धक्का बसतो. चुन्यातली दरज हळूहळू सुटते. शहाणे लोक चाकाला स्वतंत्र लाकडी चौकट देतात, ती सरळ जमिनीवर उभी राहते, आणि घराच्या भिंतींनी फक्त छप्पर सांभाळायचं. म्हणजे घर आणि यंत्र एकमेकांच्या आत असूनही एकमेकांना टेकत नाहीत. जीर्णोद्धाराच्या वेळी हे कळलं नाही तर घोटाळा होतो. साताऱ्याकडच्या एका गावात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. वाड्याच्या विहिरीवरचा रहाट होता, खांब डुगडुगत होते. ठेकेदाराने ते 'पक्कं' करण्यासाठी खांबांभोवती सिमेंटचा ओटा घातला आणि वरून सगळ्या लाकडाला ऑइलपेंट फासला. दिसायला झकास झालं. उद्घाटनही झालं, नारळ फुटला. पेंटखाली ओल कोंडली, सिमेंटने खालून पाणी शोषून लाकडाला पाजलं. दोन पावसाळे गेले आणि मला बोलावलं तेव्हा खांबाचा खालचा हातभर भाग बोटाने खरवडता येत होता. डुगडुगणारा खांब होता तसा ठेवला असता तर अजून वीस वर्षं डुगडुगत उभा राहिला असता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. फळ्या नव्या आहेत, मग चाक जुनं कसं?

हो, फळ्या नव्या आहेत. त्या नव्या असणारच. गाढवाचे खूर रोज ज्या लाकडावर पडतात ते चारशे वर्षं टिकत नाही, आणि ते टिकावं अशी बनवणाऱ्याचीही अपेक्षा नव्हती. ते झिजण्यासाठीच असतं. बैलगाडीच्या चाकाचे आरे बदलतात, लोखंडी धाव तापवून पुन्हा चढवतात, आणि तरी आजोबा म्हणतात ही माझ्या वडिलांची गाडी. त्यात काही खोटं नाही. त्या सुताराला काय बदलायचं आणि काय नाही हे माहीत असतं.

बघायचं ते असं. नवा तुकडा जुन्याच मापाचा, जुन्याच जातीच्या लाकडाचा, त्याच सांध्याने बसवला आहे का? जिथे अर्धाच कुजला होता तिथे अर्धाच बदलला का, की हात लागलाच आहे तर सगळा आरा काढून टाकला? नव्याला जुन्याचा रंग चोपडून फसवलं आहे का? तुम्हाला फळ्या 'सरळ नव्या' दिसल्या, याचाच अर्थ त्यांनी फसवलं नाही. मला तिथे हेच आवडलं.

उलट उदाहरण त्याच अंगणात आहे, आणि तुम्ही बहुधा त्यावर शंका घेतली नसेल. विहिरीच्या घरापासून चार पावलांवरचं सेंट निकोलसचं छोटं प्रार्थनाघर. जागा जुनी आहे, पण आज दिसणारी वास्तू १९०४ साली चार्ल्स राजाच्या स्मरणार्थ नव्याने बांधलेली आहे. आधीची पडीक वास्तू त्याच्या पन्नासेक वर्षं आधी पाडली गेली होती. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, काम सुबक आहे. पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला ती चाकापेक्षा जुनी वाटते, आणि आहे चाकापेक्षा तीनशे वर्षांहून लहान. तुकडे बदलत राहिलेली गोष्ट आणि पाडून पुन्हा उभारलेली गोष्ट, यांतला फरक शिकायचा असेल तर या अंगणाइतकी सोयीची शाळा मला दुसरी माहीत नाही.

आमच्या धंद्यात यावर शंभर-दीडशे वर्षं भांडणं चालू आहेत. इंग्लंडात १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारती जपणारी संस्था काढली ती जीर्णोद्धाराच्या रागातूनच. त्याचं म्हणणं, इमारतीची डागडुजी करा, तिला 'मूळ रूपात आणण्याच्या' भानगडीत पडू नका. वारसा जपण्याविषयीच्या १९६४ च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्यात वाक्य आहे की जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. हे दगडी इमारतींना छान लागू पडतं. पण चाकासारख्या हलत्या, झिजत्या वस्तूचं काय? त्याला उत्तर १९९४ साली जपानमध्ये, नारा इथे मिळालं. वस्तूचा खरेपणा फक्त तिच्या लाकडा-दगडात नसतो, ती ज्या कामासाठी आहे त्या कामात, ती बनवण्याच्या रीतीत आणि परंपरेतही असतो, असं तिथे मान्य झालं. आपल्याकडे इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने २००४ साली केलेल्या सनदेतही पारंपरिक कारागिरी चालू ठेवण्यावर भर आहे, आणि आपल्या देवळांच्या, घाटांच्या बाबतीत तेच शहाणपणाचं आहे.

या दृष्टीने बघाल तर कॅरिसब्रुकच्या चाकातली सगळ्यांत जुनी गोष्ट ओकचं लाकूड नाही. गाढवाने चालायचं आणि बादली वर यायची, ही आहे. ती थांबली असती आणि चाक दोरी लावून 'हात लावू नये' अशा पाटीमागे गेलं असतं तर लाकूड कदाचित जास्त टिकलं असतं. पण मला त्याचीही खात्री नाही. उभं राहिलेलं लाकडी चाक एकाच बाजूने दबतं, आस एकाच जागी टेकून राहते, किडा शांतपणे काम करतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. रोज फिरणाऱ्या चाकाचा आवाज बदलला की फिरवणाऱ्याला त्याच दिवशी कळतं. मी जे रहाट, जाती, घाणे पाहिले त्यांत बंद पडलेले आधी गेले.

ऑक्सफर्डशायरमध्ये ग्रेज कोर्ट नावाच्या वाड्यात असंच गाढवाचं चाक आहे, ते १९१४ पर्यंत रोजच्या पाण्यासाठी चालत होतं, आता नुसतं उभं आहे. जर्मनीत क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यातली विहीर तर १५२.५ मीटर खोल, कॅरिसब्रुकच्या तिप्पट. सोळाव्या शतकात खाणकामगार आणून कातळात खणलेली. तिथे माणसं चाकात चालायची, मग वाफेचं इंजिन आलं, मग वीज. तिथल्या विहिरीच्या घरात यंत्राच्या पिढ्याच बदलत गेल्या. एवढ्या खोलीत दोराचं वजनच पाण्याहून जास्त भरतं. वर जो हिशेब केला तो तिप्पट करून बघा, म्हणजे गाढवाने तिथे का हात टेकले असते ते कळेल. दोन बादल्या, एक वर येताना दुसरी खाली, अशी जोडी केली की दोराचं वजन बरंचसं एकमेकांना तोलतं. खोल विहिरींवर ही युक्ती जुनीच आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, आपल्याकडे असं करता येईल का. सरळ सांगतो: चाक आणि गाढव आणून ठेवू नका. आपल्या डोंगरी किल्ल्यांचं पाणी असं नव्हतं. सह्याद्रीच्या माथ्यावर चाळीस-पन्नास मीटर खोल विहीर खणून गड जगवायचा विचार क्वचितच झाला. आपण पावसाचं पाणी वरच धरलं. कातळात खोदलेली टाकी, शिवनेरीच्या गंगा-जमुनेसारखी, रायगडावर गंगासागरासारखे तलाव. चार महिने मुसळधार आणि आठ महिने कोरडं, अशा प्रदेशात तेच बरोबर होतं. तिथे चाक बसवलं तर तो मात्र खराखुरा देखावा होईल.

आपल्याकडे पाण्याची इमारत म्हणून ज्याचं नाव घ्यावं ते नळदुर्ग. बोरी नदीवर १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात पाणीमहाल. नदी किल्ल्याशी अडवून धरणारी भिंत आणि राजाची बसायची जागा एकच. पावसाळ्यात नर आणि मादी नावाच्या सांडव्यांतून पाणी पडायला लागलं की आतल्या खिडकीतून ते समोर पडद्यासारखं दिसतं. तिथे झालेल्या डागडुजीबद्दल मतं वेगवेगळी ऐकू येतात. मी एवढंच बघेन की सांडवे मोकळे आहेत का, गाळाने बंधाऱ्यावर भार वाढत नाही ना, आणि भिंतीतून झिरपणारं पाणी बाहेर पडायच्या वाटा सिमेंटने बुजवल्या तर नाहीत ना. नव्या फरश्या आणि दिवे नंतर.

तुमच्या मनात एखादा विशिष्ट किल्ला असेल आणि तिथलं टाकं साफ करायचं असेल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही. पन्हाळा, रायगड, शिवनेरी आता जागतिक वारशाच्या यादीतही आहेत, तिथे तर नाहीच. दोन, गाळ हा कचरा नाही. टाक्याच्या तळाच्या गाळात भांड्यांचे तुकडे, दोराच्या कडीचं लोखंड, कधी लाकूडही सापडतं, आणि ते कोणत्या थरात होतं यावरूनच टाकं कधी वापरात होतं ते कळतं. उत्साही मंडळी रविवारी जमतात, ट्रॅक्टरभर गाळ काढून दरीत टाकतात, फोटो काढतात. टाकं स्वच्छ होतं आणि त्याचा इतिहास दरीत जातो. एखादा पुरातत्त्वाचा जाणकार बरोबर घ्या आणि गाळ थराथराने उतरवा, दोन रविवार जास्त लागतील.

आणि टाकं साफ झाल्यावर तिथवर पाणी कसं यायचं ते शोधा. बऱ्याच टाक्यांच्या वर कातळात बोटभर खोल पन्हळी कोरलेल्या असतात. मातीने आणि गवताने भरून गेल्यामुळे त्या दिसत नाहीत. पहिल्या पावसात छत्री घेऊन वर उभे राहा. पाणी कुठून धावतं आणि कुठे अडखळतं ते तासाभरात कळतं. पन्हळ मोकळी झाली की टाकं स्वतःचं स्वतः भरायला लागतं.

जाता जाता, तुम्ही प्रश्नात विचारलं नाही पण बहुतेक जण विचारतात म्हणून: गाढवांचे हाल होत नाहीत. त्यांना आता किल्ल्याला पाणी पुरवायचं नसतं. ती पाळीपाळीने येतात, थोडे फेरे मारतात आणि बाहेर पडतात. पुन्हा जाणं झालं तर गर्दीसारखे समोर उभे राहू नका. चाकाच्या बाजूला, आसाच्या रेषेत जाऊन उभे राहा आणि गाढव चाकाच्या तळापासून किती पुढे चालतं ते बघा. माझ्या हिशेबात भरलेल्या बादलीला वीतभर आलं आहे. बादली रिकामी असेल तर त्याहून बरंच कमी दिसेल.